घोरपड आणि गोगलगाय

बांधावर घोरपड दिसली की काठ्या निघतात. रोपवाटिकेतली गोगलगाय मात्र गरीब म्हणून सुटते. हिशेब उलटा आहे.

घोरपड शेपटीसह दीड मीटरपर्यंत वाढते, पण पिकाला तोंड लावत नाही. उंदीर, किडे, गोगलगायी हे तिचे खाद्य. कोंबडीची अंडी क्वचित पळवते, तेवढे खुराडे नीट लावावे. तिच्या तेलाने गुडघे बरे होतात ही निव्वळ समजूत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तिला मारणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

बिनशंखाची गोगलगाय बोटाएवढी. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडील पावसाळी ओल तिला मानवते. दिवसा दगडाखाली दडते, रात्री कोवळी रोपे कुरतडते. सकाळी चकाकणारी चिकट रेघ तेवढी उरते. पोटात पाय म्हणतात ते खोटे नाही, ती पोटावरच चालते! एकाच गोगलगायीत नर-मादी दोन्ही असल्याने प्रत्येक जण अंडी घालते.

सायंकाळी वाफ्यालगत ओली गोणपाटे पसरा. सकाळी ती उलटून, हातमोजे घालून गोगलगायी वेचा व मिठाच्या पाण्यात बुडवा. ते पाणी शेतात ओतू नका. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरल्यास झाकून ठेवा. त्या कुत्र्या-कोंबड्यांना विषारी आहेत, आणि घोरपडीलाही.