घरातील डासांची शिरगणती

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या मेळाव्यातील भाषण)



१८९७ च्या ऑगस्ट महिन्यात सिकंदराबाद येथे हुसेन खान नावाचा हिवतापाचा एक रुग्ण मच्छरदाणीत झोपला होता. ती मच्छरदाणी डासांना दूर ठेवण्यासाठी नव्हती. आत सोडलेले डास निसटू नयेत, यासाठी होती. प्रत्येक दंशामागे एक आणा ठरला होता. दहा डास चावले आणि दहा आणे त्याच्या हाती पडले. त्या डासांपैकी एकाच्या जठरात २० ऑगस्ट रोजी डॉ. रोनाल्ड रॉस यांना हिवतापाच्या परजीवीची खूण सापडली. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाच्या दहा आण्यांचे स्मरण मात्र थोड्यांनाच आहे.

हिवताप ॲनोफिलिस जातीच्या डासाच्या मादीमुळे पसरतो, हे सिद्ध झाल्यावर पुढचा प्रश्न मोजणीचा होता. कोणत्या घरात किती डास शिरतात आणि माणसाला किती चावतात? फवारणी कोठे करावी, मच्छरदाण्या कोणत्या गावाला आधी द्याव्यात, हे या उत्तरावर ठरते. परंतु डास पकडण्याच्या रीती अनेक आहेत आणि प्रत्येक रीत निराळे उत्तर देते.

पहिली रीत म्हणजे माणूसच आमिष होणे. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत एक जण पोटऱ्या उघड्या टाकून बसतो आणि पायावर उतरलेला डास चावण्यापूर्वीच विजेरीच्या उजेडात शोषनळीने पकडतो. माणसाला चावू पाहणारे डास किती, याचे उत्तर इतक्या थेटपणे दुसरी कोणतीही रीत देत नाही. तथापि झोप, थकवा आणि हातचलाखी यांनुसार आकडा बदलतो. बसणाऱ्याला हिवतापाचे प्रतिबंधक औषध दिले जाते; पण डासांपासून होणाऱ्या प्रत्येक रोगावर तसे औषध नाही.

म्हणून प्रकाश-सापळा पुढे आला. लहानसा दिवा, त्याखाली बॅटरीवर फिरणारा पंखा आणि जाळीची पिशवी, एवढीच त्याची रचना. मच्छरदाणीत माणूस झोपतो आणि त्याच्या पायथ्याशी सापळा टांगला जातो. श्वासाच्या व अंगाच्या गंधाने डास जवळ येतो, मच्छरदाणीमुळे अडतो आणि पंख्याच्या ओढीने पिशवीत जातो. माणूस सुरक्षित राहतो, एका रात्री अनेक घरे मोजता येतात. मात्र हा आकडा दंशांचा नव्हे. एकाच गावात दोन्ही रीती समांतर चालवून त्यांचे प्रमाण आधी ठरवावे लागते.

तिसरी रीत सकाळची. आपल्याकडील हिवताप विभागाचे कीटक समाहारक विजेरी व शोषनळी घेऊन भिंती, कोपरे, गोठे धुंडाळतात आणि दर माणशी दर तासाला किती डास मिळाले, ते नोंदवतात. काही ठिकाणी जमिनीवर पांढऱ्या चादरी अंथरून, दारे-खिडक्या बंद करून औषध फवारतात व खाली पडलेले डास वेचतात. रक्त पिऊन विसावलेले डास येथे मिळतात. ते रक्त माणसाचे की गुराचे, हेही तपासता येते. आपल्या ग्रामीण भागातील प्रमुख वाहक ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस बहुधा गुरांचेच रक्त पितो; त्यामुळे गोठ्यातील मोठा आकडा म्हणजे माणसांना झालेले तितके दंश नव्हेत.

चौथी रीत खिडकीला बसवलेल्या जाळीच्या पेटीची. घराबाहेर पडू पाहणारा डास तिच्यात अडकतो. तिचे मोल डीडीटीच्या काळात विशेष जाणवले. डीडीटीच्या स्पर्शाने अस्वस्थ झालेले डास भिंतीवर विसावत नाहीत, बाहेर पळतात. अशा घरात सकाळी भिंती स्वच्छ दिसतात आणि घर सुरक्षित ठरते. पण काही डास रात्री चावून, जिवंतच निघून गेलेले असतात. खिडकीची पेटी नसेल, तर ते कोणाच्याही हिशेबात येत नाहीत.

रीतींची तुलनाही न्याय्य हवी. मातीचे, गवताने शाकारलेले घर आणि पक्के घर यांत डास सारखे शिरत नाहीत. म्हणून सापळे रोज रात्री घरे बदलून फिरवावे लागतात. एरवी घराचा गुण सापळ्याच्या नावावर जमा होतो.

एकच रीत सर्वश्रेष्ठ, असा निर्णय यातून निघत नाही. माणसावर उतरणारे, घरात वावरणारे, विसावणारे आणि बाहेर पडणारे असे डासांचे चार निरनिराळे हिशेब आहेत. म्हणून डास कमी झाल्याची वार्ता आली की सुजाण नागरिकाने दोन प्रश्न विचारावेत: ते कोणत्या रीतीने मोजले, आणि त्या मोजणीसाठी कोणाचे अंग उघडे ठेवले गेले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणाचेच नाही’ असे देता यावे, यासाठीच सापळ्यांची ही सारी खटपट चालली आहे.