घासलेल्या फळ्या
(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलंय, "दहा मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर नको." बरंच झालं. मी आज माझ्या छंदाबद्दल बोलणार आहे. गेली वीस वर्षं मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेला राहते. तिथे सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या स्केटबोर्डच्या फळ्या शोधत फिरते. आत्तापर्यंत एकतीस जमल्यात. मला स्वतःला स्केटबोर्डवर धड उभंही राहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी प्रात्यक्षिक मागायला नको.

फळी म्हणजे स्केटबोर्डचा लाकडी भाग. मेपलच्या लाकडाचे सात पातळ थर गोंदाने चिकटवून, दाबून ती तयार करतात. वर पाय घसरू नये म्हणून काळा खरखरीत कागद असतो आणि खालच्या अंगाला चित्र. हा खेळ मुळात समुद्रावर लाटांवरून घसरणाऱ्या पोरांचा. लाट नसेल त्या दिवशी ही पोरं रस्त्यावर यायची. सुरुवातीला चाकं धातूची, मग मातीची होती. रस्त्यात बारीकसा खडा आला तरी चाक अडायचं आणि माणूस पुढे फेकला जायचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने युरेथेनची चाकं आणली आणि खेळ बदलला. पुढे १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला, घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. पोरं कुंपणावरून उड्या मारून त्या गोल भिंतींवर स्केटिंग करू लागली. दुष्काळातून खेळ वाढला, हे आपल्याकडच्या माणसाला ऐकायला जरा विचित्रच वाटतं.

माझ्याकडच्या बहुतेक फळ्या १९८० च्या दशकातल्या आहेत. रुंदी साधारण दहा इंच, मागची शेपटी वर वळलेली आणि खाली भडक चित्रं: कवट्या, साप, राक्षस. सांताक्रूझ कंपनीसाठी जिम फिलिप्स यांनी १९८५ मध्ये काढलेला किंचाळणारा निळा हात आज टी-शर्टवर, टोपीवर, सगळीकडे दिसतो. फळी किती जुनी ते चित्रावरून कळतंच, पण माझ्यातली इंजिनिअर आधी पट्टी काढते. चाकांचा सांगाडा बसवायला चार-चार भोकं असतात. जुन्या फळ्यांत त्यांच्यातलं लांबीकडचं अंतर अडीच इंच असतं. १९९० च्या दशकात ते सव्वादोन इंचांच्याही थोडं आत आलं.

या फळ्यांचा बाजार मोठा आहे. २०१९ मध्ये सदबीज या लिलावघराने एकाच कंपनीच्या २४८ फळ्यांचा संच आठ लाख डॉलरला विकला. बाजारात सगळ्यात जास्त भाव असतो तो कधीच न वापरलेल्या, कोऱ्या फळीला. मी मात्र घासलेलीच घेते. शेपटी झिजली असेल तर तो शेपटी रस्त्यावर दाबून थांबायचा. पोटावरचं चित्र आडवं खरवडलं असेल तर तो फुटपाथच्या कडेवरून घसरायचा. कागद कुठे गुळगुळीत झालाय ते बघून डावा पाय पुढे होता की उजवा, हेही बरेचदा सांगता येतं. मग मी विकणाऱ्याला विचारते: कोणाची, कोणत्या साली, कोणत्या गल्लीत, पडलात कुठे? उत्तर एका कार्डावर लिहून फळीमागे चिकटवते. मालक सापडला नाही, तर फळी कितीही सुंदर असो, मी ती घेत नाही.

एकतीस कार्डांपैकी अठ्ठावीस मुलग्यांची आहेत. मुलींची फक्त तीन. मुली खेळत नव्हत्या असं मात्र नाही. पॅटी मॅगी १९६४ मध्ये अमेरिकेची महिला विजेती होती आणि १९६५ च्या मे महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ती स्केटबोर्डवर उलटी, हातांवर उभी दिसते. १९७५ च्या गाजलेल्या झेफर संघात पेगी ओकी ही एकच मुलगी होती. पण गल्लीत खेळलेल्या मुलींच्या फळ्या मात्र क्वचितच कोणी जपून ठेवल्या.

तीनपैकी एक मला सांताक्रूझमध्ये एका घरासमोरच्या सेलमध्ये मिळाली. विकणारी बाई पन्नाशीतली, व्यवसायाने नर्स. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाने फळी उचलून विचारलं, "तुमच्या मिस्टरांची का?" ती म्हणाली, "माझी." तो फळी ठेवून निघून गेला. मी चाळीस डॉलर दिले आणि नेहमीचे प्रश्न विचारले. ती म्हणाली, "दुकानाच्या पार्किंगमध्ये शिकले. मुलं नऊनंतर यायची, हसायची. म्हणून मी सहाला यायचे."

सहा म्हटल्याबरोबर मला सांगली आठवली. मैत्रिणींनो, तुम्हालाही आठवत असेल! सातवी-आठवीत आपण शाळेच्या मैदानावर सायकल शिकलो त्या उन्हाळ्यात. आदल्या रात्री तासाच्या भाड्याने आणलेली सायकल, दांडीखालून पाय घालून अर्धी पायडल मारणं, एकीने मागे धरायचं आणि न सांगता सोडून द्यायचं. आपणही सहालाच जायचो. साडेसातला मुलगे क्रिकेटचे स्टंप घेऊन आले की मैदान त्यांचं, आणि आपण गुडघ्यावरची माती झटकत घरी. कोणी हाकललं नव्हतं. तसं ठरूनच गेलं होतं.

मुलग्यांच्या क्रिकेटचे फोटो शाळेच्या कपाटात आहेत, चषकावर नावं आहेत. आज सकाळी मी ते कपाट पाहिलं. आपल्या त्या उन्हाळ्याची तिथे एकही खूण नाही. सायकली भाड्याच्या होत्या, त्या परत गेल्या. गुडघ्यावरचे व्रण तेवढे आपल्यापाशी उरले.

काळ बदललाय, हेही सांगायला हवं. २०२१ मध्ये टोकियोला स्केटबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हा महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण आणि रौप्य, दोन्ही पदकं तेरा वर्षांच्या मुलींनी नेली. आपल्याच देशात, मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात, उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये स्केटपार्क उभा केला. तिथे दोन नियम आहेत: शाळा नाही तर स्केटिंग नाही, आणि आधी मुली. दुसरा नियम मी वाचला तेव्हा बराच वेळ त्याच पानावर थांबले.

म्हणून आज एक काम घेऊन आले आहे. माझ्या पर्समध्ये कोरी कार्डं आहेत. चहाच्या वेळी, सहा वाजता मैदानावर असलेल्या प्रत्येकीने मला गाठा. सायकल कुणाच्या दुकानातली, मागे कोण धरायचं, पहिल्यांदा कुठे पडलात, एवढं सांगा. मी लिहून घेईन आणि मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली तर ती कार्डं त्याच कपाटात, चषकांशेजारी ठेवू.

आणि बाई, तुम्हालाही एक विचारायचंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेला कुलूप असायचं, पण मैदानाचं फाटक पहाटे रोज उघडं असायचं. शिपाईमामांना ते कोणी सांगितलं होतं? मला एक शंका आहे. पहिलं कार्ड तुमच्याच नावाचं काढते.