नसलेल्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम

जळगाव-धुळ्याकडे सॉफ्टवेअर म्हटलं की पुण्यातली नोकरी डोळ्यांसमोर येते, संशोधन येत नाही. संशोधन म्हणजे मोठ्या प्रयोगशाळा, मोठा पैसा, असं आपण धरून चालतो. संगणकशास्त्रज्ञ केशव नोरी यांचं काम पाहिलं तर हे गणित चुकतं. 1970 च्या दशकात झुरिकला निक्लाउस विर्थ यांच्या पास्कल या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे त्या भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांत बदलणारा प्रोग्राम, जगभर पोचवायचा होता. अडचण अशी, की प्रत्येक संगणकाला कळणाऱ्या आज्ञा वेगळ्या. नोरी आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी कंपायलर लिहिला तो अस्तित्वातच नसलेल्या एका यंत्रासाठी. ज्याला तो हवा, त्याने आपल्या संगणकावर त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा छोटासा प्रोग्राम तेवढा लिहायचा, की झालं काम! सॅन दिएगोच्या विद्यापीठाने याच वाटेने पास्कल लहान संगणकांवर नेली. पुढे जावा ही भाषाही तशीच चालली. पाच माणसं आणि एक नेमकी कल्पना, एवढंच भांडवल.

कोणी म्हणेल, सॉफ्टवेअरच्या नोकरीत टीम सांभाळायला लागलेला माणूस संशोधन कधी करणार? हा आक्षेप इतर शास्त्रांत खरा असेलही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र अख्खा प्रोग्राम कुणा एकाच्या डोक्यात मावत नाही, ही अडचणच संशोधनाचा विषय आहे. टीसीएसचे प्रमुख फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने 1981 मध्ये पुण्यात टाटांचं संशोधन केंद्र उभं राहिलं. नोरी पुढे तिथे आले, आणि प्रोग्राम तयार करून देणारी साधनं हा तिथल्या कामाचा एक मोठा भाग झाला. माणसं कुठे अडतात हे रोज पाहणाऱ्यालाच अशी साधनं सुचतात.

राहिला प्रश्न खानदेशाचा. विप्रो 1945 साली आपल्याच अमळनेरात वनस्पती तुपासाठी निघाली. संगणकाचा धंदा मात्र बंगळुरूला वाढला. म्हणून इथे काही व्हायचं नाही, असं म्हणणं मला पटत नाही. बांभोरी-शिरपूरच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाला नवाकोरा प्रोजेक्ट करण्याची रीत आहे. त्याऐवजी गेल्या बॅचचा प्रोजेक्ट उघडायला लावा. लिहिणारी मुलं निघून गेलेली, कागदपत्रं अर्धवट. त्यात एकच बदल करायचा, आणि कुठे किती वेळ अडलो याची नोंद ठेवायची. हेच ते संशोधन. याला लागते ती एक वही आणि न कंटाळणारे मास्तर.