गाळातले जीव आणि पाण्यातले विष
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगणार आहोत. तळ्याचे पाणी पिऊन पोरे हगवणीने दगावत, म्हणून १९७० च्या दशकात तिथे गावोगाव हातपंप बसले. पाणी नितळ लागले, सगळे खूश. १९८३ साली कलकत्त्याच्या डॉक्टरांना अंगावर चट्टे पडलेले, तळहात राठ झालेले रोगी दिसू लागले. पाण्यात आर्सेनिक होते.

हे विष कोणी कालवले? कोणीच नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात ते होतेच, पण लोखंडाच्या गंजाला चिकटून बसलेले. खोल गाळात हवा नाही. आपल्याला श्वासाला प्राणवायू लागतो; तिथले जिवाणू गंजावरच भागवतात. गाळातला कुजका पाला खातात आणि गंज विरघळवतात. गंज विरघळला की आर्सेनिक पाण्यात सुटते. काही जिवाणू तर आर्सेनेटचे आर्सेनाइट करतात. ते जास्त विषारी. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी बंगालच्या गाळावर प्रयोग करून जिवाणूंची ही करणी दाखवून दिली.

तेच पाणी उन्हाळी भाताला जाते. तुंबलेल्या खाचरात हवा संपते आणि तोच खेळ सुरू होतो. भाताचे मूळ ज्या वाटेने सिलिका घेते, त्याच वाटेने आर्सेनाइट आत शिरते.

उलटे काम करणारे जिवाणूही आहेत. हवा मिळाली की ते आर्सेनाइटचे पुन्हा आर्सेनेट करतात, गंज परत धरतो आणि विष अडकते. म्हणून खाचर मधून मधून सुकू दिले तर दाण्यातले आर्सेनिक घटते. पण अति सुकवले तर काही जमिनीत कॅडमियम वाढते. तेव्हा माती पाहूनच करावे.

मायबहिणींनो, आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळूनही ते जात नाही. पाणी आटते, विष तेवढेच राहते. तपासणी हाच मार्ग. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅमची आहे. बांगलादेशात पंप तपासून वाईट तो लाल, चांगला तो हिरवा रंगवला. शेजारशेजारच्या पंपांतही फरक निघाला.

बंगालच्या शेतकऱ्याची चूक नव्हती. पंप बसवताना आर्सेनिकची तपासणीच झाली नव्हती. बोअरला किती इंच पाणी लागले, हे आपण विचारतो. त्या पाण्यात काय आहे, हेही विचारू या आणि तपासणीचा कागद चावडीवर लावून घेऊ या.