तीन दले, एक रसद



पानिपताचा विषय निघाला की मराठी मन १४ जानेवारी १७६१ च्या रणांगणाकडे धावते. परंतु त्या दिवसाचा निकाल आधीच पुष्कळसा ठरत आला होता. रसद पाठविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, दिल्लीकडची वाट अडली आणि भाऊसाहेबांच्या छावणीत माणसे व जनावरे उपाशी राहू लागली. शौर्य उणे नव्हते. उणे होते धान्य.

स्वतंत्र भारताच्या तिन्ही सेनादलांची रसदव्यवस्था आपापल्या वाटेने वाढली. भूदलात अन्नधान्य आणि इंधन सेना सेवा कोर पाहतो, शस्त्रे व सुटे भाग आयुध कोर सांभाळतो, दुरुस्तीसाठी आणखी एक कोर आहे. नौदलाच्या गोद्या निराळ्या, हवाई दलाची ओझरसारखी दुरुस्ती केंद्रे निराळी. शहर एक, गरज एक. तरी भांडारे, वाहने आणि कंत्राटे वेगवेगळी, असे चित्र त्यातून निर्माण झाले.

१९९९ च्या कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने संरक्षणव्यवस्थेची चिकित्सा केली. त्यापाठोपाठ मंत्रिगटाने २००१ मध्ये तिन्ही दलांसाठी एक संरक्षणप्रमुख असावा, अशी शिफारस केली. त्याच वर्षी एकात्मिक संरक्षण मुख्यालय व अंदमान-निकोबारचा संयुक्त विभाग उभा राहिला. संरक्षणप्रमुखपद मात्र १ जानेवारी २०२० रोजी, जनरल बिपिन रावत यांच्या नियुक्तीने, प्रत्यक्षात आले.

एका वर्षाने, जानेवारी २०२१ मध्ये, गुवाहाटी व पोर्ट ब्लेअर येथे संयुक्त रसद केंद्रे सुरू झाली. १ एप्रिल २०२१ रोजी मुंबईचे तिसरे केंद्र कार्यान्वित झाले. लहान शस्त्रांचा दारूगोळा, शिधा, इंधन, भाड्याची वाहने, सुटे भाग आणि अभियांत्रिकी साहाय्य यांचा एकत्रित पुरवठा हे त्यांचे काम. मनुष्यबळ वाचते, पैसा वाचतो. आणि संकटकाळी सर्वांत मोलाचा असा वेळ वाचतो.

तथापि एकत्रीकरण म्हणजे सरसकट एकसारखेपणा नव्हे. सियाचिनच्या हिमनदीवरील जवानाचा आहार आणि पाणबुडीतील नाविकाचा आहार एक असू शकत नाही. खाऱ्या वाऱ्यात उडणाऱ्या हेलिकॉप्टरला लागणारी निगा लेहच्या कोरड्या थंडीत उडणाऱ्याहून भिन्न असते. शिवाय सामाईक यंत्राचा दोषही सामाईक ठरतो. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ कोसळून तिघांचा बळी गेला आणि सेनादलांतील सर्वच ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरांची उड्डाणे थांबवावी लागली. अशा वेळी एका दलाच्या कार्यशाळेत आढळलेली बारीकशी खूण दुसऱ्या दलाच्या कार्यशाळेत त्याच दिवशी पोहोचली पाहिजे. भांडार एक होणे सोपे. नोंदवही एक होणे कठीण, आणि परस्परविश्वास त्याहून कठीण.

रणांगणावरील वीराची पूजा समाज करतोच. त्याच्या बंदुकीत वेळेवर काडतूस पोहोचविणारे आणि त्याच्या विमानाचा खिळा न् खिळा तपासणारे हातही तितकेच वंदनीय होत. पानिपतचा धडा हाच आहे.