आयर्विनला किती फूट?

आपापले सर्व्हर देवाच्या भरवशावर सोडून आलेल्या सातारा-सांगलीच्या मित्रांनो, कृष्णाकाठी आपलं मनापासून स्वागत.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांची ही परिषद दोन जिल्ह्यांची असली तरी घर मूळचं एकच. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. वाटण्या झाल्या, पण नदी काही वाटता आली नाही. पावसाळ्यात इथला माणूस उठल्या उठल्या सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलंय ते विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ आणि लगेच वरच्या कोयना धरणाचं, ‘कोयनेतून किती सोडलंय?’ चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पुलाखालची पट्टी पाणी कुठवर आलंय ते सांगते. कोयनेचा आकडा मात्र सामान माळ्यावर चढवायला वेळ देतो.

इशारा लांबून यायला हवा, ही पुलावर कळणारी गोष्ट सर्व्हररूममध्ये मात्र माझ्या ध्यानात आली नाही. एका पतसंस्थेची देखभाल माझ्याकडे होती. सर्व्हर, राउटर आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा संगणक, सगळं एका खोलीत, एकाच यूपीएसवर. बिघाडाचा मेसेजही त्याच राउटरच्या लाइनवरून जायचा. एका रात्री वीज गेली, बॅटरी उतरली आणि राखणदारासकट सगळं गपगार. मेसेज आला नाही, म्हणजे सगळं ठीक, असं समजून मी निवांत झोपलो. सकाळी कॅशिअरचा फोन, ‘साहेब, रांग जिन्यापर्यंत आलीय!’ तेव्हापासून माझा पहारेकरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर असतो. त्याची हजेरी घ्यायला तिसराही ठेवलाय.

पहारेकरी काय विचारतो, हेही महत्त्वाचं. माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेलं ‘पिंग’ आपण अजून रोज वापरतो. पण पिंगला ओ देणारं यंत्र पासबुक छापून देईलच असं नाही. उंबऱ्यावरून हाक मारली, आतून आवाज आला, म्हणजे चूल पेटलीय असं थोडंच? त्यापेक्षा चाचणीच्या खात्यात दर पाच मिनिटांनी लॉगिन करून शिल्लक वाचून बघावी. आणि करारातल्या ९९.९ टक्के सेवा चालू ठेवण्याच्या हमीला मी जरा बिचकूनच असतो. ती वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा आहे, आणि ते तास पगाराच्या दिवशीच उगवतात.

बाहेर भडंग ठेवलंय, साताऱ्याच्या मंडळींनी कंदी पेढे आणलेत. मोबाईल बंद ठेवा, असं स्वागताध्यक्षानं सांगायची रीत आहे. मी सांगणार नाही. आज ज्यांची सर्व्हरवर लक्ष ठेवायची पाळी आहे त्यांनी दाराजवळच्या खुर्च्या घ्याव्यात. तिथं रेंज बरी मिळते.