धुळीचा खर्च कोणाच्या वहीत?



व्यवसायजन्य आरोग्याच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण एका अर्थशास्त्राच्या शिक्षकाला दिलेत. फुफ्फुसांबद्दल मी आपल्याला काही शिकवू शकत नाही. आजार टाळण्याचा खर्च कोण करतो आणि टाळला नाही तर तो कोणाच्या माथी बसतो, एवढेच मला मांडायचे आहे.

बल्लारपूरजवळच्या वस्तीत एका निवृत्त खाणकामगाराच्या घरी मी गेलो होतो. चार पायऱ्या चढून ते थांबले, भिंतीला हात टेकला. रात्री उशीला टेकून बसल्या बसल्याच झोप लागते, म्हणाले. पत्नीने सांगितले, “टीबीच्या गोळ्या दोनदा झाल्या, पण दम काही गेला नाही.” मुलाने कॉलेज सोडले होते. औषधे, बुडालेली मजुरी, त्या बाईंची रात्रीची जागरणे हे सगळे त्या कोळशाच्या किमतीतच धरायला हवे होते. ते कोणत्याही ताळेबंदात नाही.

असे का होते, याचे गणित साधे आहे. धूळ रोखणारे पाण्याचे फवारे, ओले ड्रिलिंग, खेळती हवा, वेळेवर बदललेले कटरचे दात यांना आज पैसे लागतात. आजार मात्र बहुधा दहा-वीस वर्षांनी दिसतो. दहा टक्के दराने पाहिले तर वीस वर्षांनंतरच्या 100 रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत जेमतेम 15 रुपये भरते. त्यातही ते 15 रुपये दुसऱ्याने भरायचे असतील, तर फवाऱ्याचा पंप दुरुस्त करण्याची घाई कोणाला असेल?

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. 20 नोव्हेंबर 1968 रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टन येथील खाणीत स्फोट होऊन 78 कामगार गेले. पुढच्याच वर्षी त्या राज्यातल्या सुमारे 40 हजार खाणकामगारांनी काळ्या फुफ्फुसांच्या आजाराच्या भरपाईसाठी काम बंद केले. वर्ष संपता संपता संघीय कायदा झाला. श्वसनीय धुळीची मर्यादा आधी घनमीटरला 3 मिलिग्रॅम आणि 1972च्या अखेरीस 2 मिलिग्रॅम झाली. आजार खरोखर उतरला. पण शतकाच्या शेवटी तो पुन्हा चढू लागला. 2013 ते 2017 या काळात व्हर्जिनियातल्या एकाच आरोग्यसंस्थेच्या तीन दवाखान्यांत या आजाराच्या सर्वांत गंभीर अवस्थेचे 416 रुग्ण नोंदले गेले. कोळशाचे जाड थर संपत आले, पातळ थरासोबत दगड कापला जाऊ लागला आणि दगडातली सिलिका छातीत गेली.

भरपाईसाठी तिथे 1978 मध्ये विश्वस्त निधी उभा राहिला. त्यासाठीचा कर आज भूमिगत खाणीच्या कोळशावर टनामागे 1 डॉलर 10 सेंट, खुल्या खाणीवर 55 सेंट आणि विक्रीकिमतीच्या 4.4 टक्के अशी कमाल मर्यादा. या व्यवस्थेत दोन भोके राहिली. कंपनीने दिवाळे काढले की तिच्या रुग्णांचा भार निधीवर येतो. निधीचे कर्ज 4 अब्ज डॉलरच्या वर गेले. दुसरे भोक मला अधिक खुपते. हवा स्वच्छ ठेवणाऱ्या खाणीला आणि धुरळा उडवणाऱ्या खाणीला टनामागे कर सारखाच! मग धूळ कमी करण्यात मालकाचा फायदा तो काय?

म्हणून माझे मत असे, की हा कर धुळीच्या मोजमापाशी बांधावा. मात्र मोजणारा खाणीच्या पगारावर नसावा. नमुना घेणारा पंप स्वच्छ हवेत टांगून ठेवण्याची लबाडी अमेरिकेत वर्षानुवर्षे चालली. 2016 पासून तिथे कामगाराच्या अंगावरच्या यंत्रात पाळी चालू असतानाच धुळीचा आकडा दिसतो. मला ही सुधारणा मर्यादा घटवण्याइतकीच मोलाची वाटते, कारण ज्याच्या छातीत धूळ जाते त्याच्याच हाती आकडा येतो.

वेकोलिचे, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडचे, मुख्यालय याच नागपुरात आहे. चंद्रपूर, वणी, उमरेडचा कोळसा आपल्या विजेत जळतो. आपल्या नियमांत ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी, कामगारांच्या बोलीत पीएमई, आहे. पण टिप्परवर, साइडिंगवर ठेकेदाराकडे राबणारा माणूस आज इथे, उद्या तिथे. दम लागेल तेव्हा त्याच्या हातात एकही जुना एक्स-रे नसतो. भरपाई मागायची तर धूळ कोणत्या खाणीची, हे त्याने कसे दाखवायचे? त्याचा एक्स-रे आणि धुळीची नोंद त्याच्याच नावावर, ठेकेदार बदलला तरी चालू राहील अशी हवी. निवृत्तीनंतरची तपासणीही खाणीच्याच खर्चाने व्हावी.

दुपारच्या सत्रात येणाऱ्या ठरावाचा मसुदा मी वाचला. त्यात ‘कायम कामगार’ असे शब्द आहेत. चर्चेला सुरुवात होण्यापूर्वी त्यातला ‘कायम’ हा शब्द काढावा, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने मांडतो.